शून्यही लिहायचं

(दृश्य: सकाळ. घरांच्या मधला रिकामा प्लॉट, ओलं गवत, खुंटाला बांधलेलं पर्जन्यमापक.)

साडेआठला पाच मिनिटं कमी आहेत. वही आणि चष्मा घेऊन मी फाटकाबाहेर पडले की समोरचे काका विचारतात, "किती झालं वो वहिनी पाणी?" आम्हा नागपूरकरांकडे पाऊस पडत नाही, पाणी येतं.

साडेआठच का, तर हवामान खातं देशभर मागच्या चोवीस तासांचा पाऊस याच वेळेला मोजतं. माझा आकडा सोनेगावच्या वेधशाळेच्या आकड्याशेजारी ठेवायचा, तर घड्याळ एकच हवं. काल दुपारी आलेलं पाणी आजच्या तारखेत जातं. हे अंगवळणी पडायला मला अख्खा मृग लागला.

(दृश्य: नरसाळं, बाटली, मोजपात्र.)

यंत्र अगदी साधं आहे: १० सेंटीमीटर व्यासाचं नरसाळं आणि खाली बाटली. या नरसाळ्यात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ७.८५ मिलिलिटर पाणी. मोजपात्रात पाणी ओतायचं, ते सपाट ठेवायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा. काचेला लागून पाण्याची कड थोडी वर चढते. ती नाही वाचायची, मधला खोलगट तळ वाचायचा. मग भागाकार.

जागा शोधायलाच खरा त्रास झाला. आधी मी ते गच्चीवर ठेवलं होतं. गच्चीवर वारा भणाणतो, थेंब नरसाळ्यावरून तिरपे निघून जातात आणि आकडा कमी येतो. अंगणात सीताफळाचं झाड आडवं येतं. अडथळा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडावं लागतं. शेवटी शेजारच्या प्लॉटच्या मालकांना विनंती केली. त्यांनी हसत परवानगी दिली, वर गवतही कापून देतात.

(दृश्य: अंबाझरी तलाव, नाग नदीचा काठ.)

मी मोजायला लागले ते २३ सप्टेंबर २०२३ च्या त्या रात्रीमुळे. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी ओसंडला, नाग नदी वस्त्यांमध्ये शिरली. आमच्या बहिणीच्या घरात सकाळी फ्रीज आडवा तरंगत होता. माझ्या गच्चीवरची बादली काठोकाठ भरली होती, पण ती वर रुंद, खाली अरुंद. आमच्या वस्तीवर नेमकं किती पडलं, ते तिच्यावरून सांगता येईना. ती हुरहूर अजून गेलेली नाही.

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स शहरानेही हेच भोगलं. जुलै १९९७ मध्ये शहराच्या एका भागात काही तासांत फूटभराहून जास्त पाऊस कोसळला, दुसऱ्या भागात बेताचाच. पूर आला. पुढच्याच वर्षी तिथे सामान्य माणसांनी घरोघरी पाऊस मोजायला सुरुवात केली. आज हजारो लोक रोज आपल्या अंगणातला आकडा पाठवतात, गारा आणि बर्फही मोजतात. मोठ्या शहरावर एकच पाऊस पडत नाही. सीताबर्डीत छत्र्या उलट्या होतात तेव्हा मनीषनगरात कपडे वाळत असतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. ते वहीत मात्र कोणी लिहिलेलं नसतं.

(दृश्य: वहीचं पान. एकाखाली एक शून्यं.)

हे पान बघा. ०.०, ०.०, ०.०. जुलैतली ओढ. मला हे पान सगळ्यात जास्त जपावंसं वाटतं. खातं २.५ मिलिमीटर किंवा जास्त झालं तरच पावसाचा दिवस धरतं. पण पेरणी झालेल्या शेतकऱ्याला कोरडे दिवस किती गेले, तेच मोजायचं असतं. काटोलला माझा भाऊ कपाशी लावतो. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला दर जूनमध्ये मिळतो. पण त्याच्या बांधावर तितकं झालं की नाही, हे कोण सांगणार? गेल्या वर्षी मी त्यालाही नरसाळं नेऊन दिलं.

आणि शून्य म्हणजे कोरी जागा नव्हे. नरसाळं पाहिलं, कोरडं होतं, तर शून्य. पाहिलंच नाही, तर आडवी रेघ. परगावाहून तीन दिवसांनी परतले, तर साचलेलं सगळं पाणी 'तीन दिवसांचं' म्हणून लिहायचं, अंदाजाने तीन भाग करायचे नाहीत. नरसाळं ओलं आहे पण मोजण्याइतकं पाणी नाही, त्याला 'अल्प' लिहायचं.

यंदा पोळ्याला मी काटोलला होते. वही शेजारच्या सातवीतल्या मुलीकडे दिली होती. पावणेनऊला तिचा फोन आला.

"काकू, अठ्ठ्याण्णव मिली भरलं. म्हणजे साडेबारा."

"तळ वाचला का गं, की कड?"

"तळच वाचला. दोनदा."