प्लेट उलटी करून बघा

(स्टोमा म्हणजे मळ बाहेर येण्यासाठी ऑपरेशनने पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड; त्यावर मळ साठवणारी पिशवी लावतात. स्टोमा असलेल्या व्यक्ती आणि त्यांच्या घरच्यांसाठी झालेल्या मेळाव्यात एका स्टोमा-परिचारिकेने केलेलं भाषण. बोलीतली वळणं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)

फोन केला तेव्हा प्रत्येकाला एकच काम सांगितलं होतं. स्टोमाची पिशवी पोटाला धरून ठेवणारी चिकट प्लेट, तुम्ही शेवटची काढलेली, झिपच्या पिशवीत घालून आणा. साठेक माणसं आली आहेत आणि प्लेटा आल्यात ३. एक काकू दारातच मला म्हणाल्या, "सिस्टर, ते काय चारचौघांत दाखवायचं असतं का?" असतं, काकू. पिशवी गळली की आपण काय करतो? ओढून काढतो, वर्तमानपत्रात गुंडाळतो, टाकतो, नवी लावतो. आणि ती नवी दोन दिवसांनी त्याच जागी गळते. का गळली ते जिच्या पाठीवर उमटलेलं होतं, ती प्लेट तर घंटागाडीत गेली.

तर या तिन्ही बघू. कोणाच्या ते सांगणार नाही, घाबरू नका.

ही पहिली. भोकाभोवतीचा डिंक फुगून पांढरट झालाय, त्याचं काही नाही. ओल पिऊन फुगणं हेच त्याचं काम. पण खालच्या बाजूला बघा, घड्याळात सहा असतात तिथे. भोकापासून थेट कडेपर्यंत तपकिरी ओघळ गेलाय, बाकी सगळी प्लेट स्वच्छ. म्हणजे माल एकाच वाटेने बाहेर पडला. मघाशी मी यांना आतल्या खोलीत नेलं. उभे राहिले तर पोट सपाट. खुर्चीत बसवलं, तर स्टोमाच्या बरोब्बर खाली आडवी घडी. घरी हे प्लेट लावतात उभ्याने, आरशासमोर. मग जेवायला बसले की घडी पडते आणि प्लेट तिथे उचलली जाते. तुम्ही पिशवीची कंपनी बदलून बघितलीत ना? दोनदा? कंपनी नाही हो, घडी.

घडी बुजवायला पेस्ट किंवा रिंग असते. पेस्ट म्हणजे गोंद, हा समज डोक्यातून काढा. पेस्ट म्हणजे लांबी. रंगारी भिंतीच्या भेगेत भरतो ना, ती. भेगेपुरतीच भरायची. अख्ख्या प्लेटला फासलीत तर उलट प्लेट धरणार नाही. बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, सोललेल्या कातडीवर आग आग होते, तिथे रिंगच वापरा. एवढं करूनही गळलं तर पोटाकडे फुगीर असलेली प्लेट मिळते, पण ती आतून दाब देते. त्यामुळे आधी कोणा स्टोमा-नर्सला पोट दाखवा, मग घ्या. आणि रात्री दोनला गळली, की "सकाळी बघू" म्हणून कडेने चिकटपट्टी मारतात, ते नको. तुम्ही मळ बाहेर यायचा थांबवलात, कातडीवर मात्र सकाळपर्यंत साठवून ठेवलात.

दुसरी प्लेट. हिचं भोक केवढं आहे बघा, ४५ मिलिमीटर. ऑपरेशननंतर वॉर्डात हेच माप दिलं होतं आणि ते तेव्हा बरोबर होतं. पण स्टोमा सुरुवातीला सुजलेला असतो, पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत आवळत जातो. यांच्या ऑपरेशनला पाच महिने झाले. आज मोजला, ३० भरला. म्हणजे चहूबाजूंनी सात-साडेसात मिलिमीटर कातडी उघडी. आणि मुलगा इतका गुणी, की त्याने महिन्याच्या प्लेटा एकदम कापून, डब्यात रचून ठेवल्यात. सगळ्या ४५ च्या! यांची इलिओस्टॉमी आहे, लहान आतड्याची. त्यातून येणाऱ्या पातळ मळात पाचकरस जिवंत असतात. त्यांना आमटी काय आणि तुमची कातडी काय, दोन्ही पचवायचंच असतं. म्हणून ती लालभडक गोल कडी पडलीय.

पहिले दोन महिने दर आठवड्याला मोजा. स्टोमाच्या कडेपासून दोन मिलिमीटरच्या वर मोकळी जागा नको. स्टोमा गोल नसेल तर पारदर्शक प्लास्टिक वर धरून पेनने आकार उतरवून घ्या. कातडी ओलसर झाली असेल तर स्टोमाची पावडर भुरभुरवा आणि जास्तीची झटकून टाका. पावडरीच्या थरावर प्लेट चिकटत नाही.

डिंक डिंक म्हणतेय मी, तर थोडं विषयांतर करते. गोष्ट आपल्या जंगलातली आहे. कांडोळीचं झाड बघितलंय? पांढरंफेक खोड, रात्री बघितलं तर दचकायला होतं, म्हणून त्याला भुत्याही म्हणतात. त्याचा डिंक म्हणजे कराया, कवळी बसवायलाही वापरायचे. अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये रुपर्ट टर्नबुल नावाचे सर्जन होते. १९५० च्या दशकात त्यांनी हीच पूड स्टोमाभोवतीच्या ओल्या कातडीवर वापरली आणि ती धरून बसली. त्यांच्याच पेशंट नॉर्मा गिल, स्वतः इलिओस्टॉमीवाल्या. त्यांना टर्नबुलनी १९५८ मध्ये इतर पेशंटना शिकवायला कामावर घेतलं. आमच्या पेशाची सुरुवात तिथून झाली, एका पेशंटपासून. आता प्लेटमध्ये पेक्टिन, जिलेटिन वगैरे असतं. पण सुरुवातीला तुमच्या-आमच्या डोंगरात वाढणाऱ्या झाडाचा चीक होता.

तिसरी प्लेट. ही बघा, कोरी करकरीत. ओघळ नाही, डिंक फुगलेला नाही. मला हिचीच जास्त काळजी वाटते. एका दिवसात काढलीय. एकदा लग्नाच्या पंगतीत गळली होती, तेव्हापासून रोज सकाळी बदलतात. कातडी इथेही लाल आहे, पण ती मळाने नाही, रोजच्या सोलण्याने. साधारण तीन-चार दिवस ठेवा. काढताना वरून खाली, एका हाताने कातडी दाबून धरत, कोमट पाण्याचं फडकं लावत. हिसडा नको.

याच्या उलटही माणसं इथे बसली आहेत, प्लेट आठ-आठ, दहा-दहा दिवस ओढणारी. मी तुम्हाला रागावणार नाही. पेन्शनीत हे सगळं बसवायचं म्हणजे काय ते मला दिसतं. पण भाजलेल्या कातडीची औषधं आणि दवाखान्याच्या खेपा हिशोबात धरल्यात का? ज्यांची टू-पीस आहे, म्हणजे प्लेट वेगळी आणि पिशवी वेगळी, त्यांनी प्लेट तशीच ठेवून पिशवी सोडवून धुवावी, तिथे पैसे वाचतात. प्लेटवर वाचवू नका.

लावण्याचं थोडक्यात. सकाळी चहाच्या आधी लावा, तेव्हा स्टोमा शांत असतो. साबण लावलात तर पूर्ण धुऊन काढा. तेल, क्रीम काही नको. आंघोळीआधी खोबरेल चोळायची सवय असेल तर पोट सोडून चोळा. कातडी कोरडी ठणठणीत झाली पाहिजे. प्लेट बसवून वर तळहात दोन मिनिटं धरून ठेवा. डिंकाला ऊब लागते. पुसताना रक्ताचा थेंब आला तर घाबरू नका, स्टोमाचं अस्तर नाजूक असतं. रंग मात्र रोज बघा. लालसर-गुलाबी चांगला, काळपट किंवा जांभळा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, अर्ध्यापलीकडे जाऊ देऊ नका. वजनाने ती प्लेट ओढते. वायूने फुगली की टाचणी मारणारे आहेत इथे, मला ठाऊक आहे! मग वासाची तक्रार घेऊन येतात. कोलोस्टॉमीवाल्यांचा, म्हणजे मोठ्या आतड्याचा स्टोमा असलेल्यांचा, त्रास वेगळा, घट्ट मळ वरच साचतो, खाली घसरत नाही. पिशवी लावण्याआधी आत थोडी हवा भरा, आतून दोन थेंब तेल फिरवा. तेल पिशवीत हं, प्लेटवर नाही.

आता इलिओस्टॉमीवाल्यांनी नीट ऐका. तुमच्या पिशवीतून पाण्याबरोबर मीठही जातं. उन्हाळ्यात तहान लागली म्हणून नुसतं पाणी ढोसलंत तर पिशवी आणखी भरते आणि अंगातलं मीठ आणखी जातं. पायात गोळे येतात, लघवी कमी आणि गडद होते. जलसंजीवनीचं अख्खं पाकीट लिटरभर पाण्यात कालवा, अर्धं-अर्धं करू नका, आणि घोट घोट घ्या. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एक जुना मापाचा मग संडासात ठेवा. दिवसाचं दीड लिटरच्या वर जायला लागलं तर कळवा. भाताची पेज, केळं, साबुदाणा याने मळ थोडा घट्ट होतो.

ओलं खोबरं, मक्याचे दाणे, फणस, शेवग्याची शेंग यांचा चोथा अडकतो. खाऊच नका असं मी म्हणत नाही. थोडं घ्या, पिठी होईपर्यंत चावा. पण चार-सहा तास काही आलं नाही, पोटात कळा येताहेत, उलटी झाली, तर घरात एरंडेल शोधू नका. जुलाबाचं कुठलंच औषध नाही. सरळ इस्पितळ.

मागून चिठ्ठी आलीय, "पिशवी असताना पूजेला बसलं तर चालतं का?" मी नर्स आहे, भटजी नाही. पण खरा प्रश्न तो नाहीच, मांडी घालून बसल्यावर गळेल का, हा आहे. तर आंघोळ करून, पिशवी रिकामी करून बसा. घडी पडत असेल तर आधी बुजवा.

चला, आता चौघं-चौघं टेबलापाशी या. कात्र्या आणि मापाचे कागद ठेवलेत. ज्यांच्या घरी प्लेटा आधीच कापून ठेवलेल्या आहेत, त्यांनी पहिल्यांदा यायचं.