आत्याबाईंची गोधडी

(सकाळ. मुरुड, तालुका दापोली. अंगणात सुपांवर वाळत घातलेले रातांबे. आवाज आजीचा.)

चालू झालं का? बरं. म्हणजे मी बोलत राहायचं आणि तू नंतर त्यावर चित्रं लावणार, असंच ना. नातवाने मला बजावलंय, आजी कॅमेऱ्याकडे बघू नकोस, तू तुझं काम कर आणि बोल. तर काम म्हणजे आत्ता हे समोर रातांबे आहेत. मे संपत आला, पावसाच्या आत ही सालं वाळली पाहिजेत. रातांबा फोडायचा, बी बाजूला काढायची, साल उन्हात घालायची मग मीठ घातलेल्या रसात बुडवायची, परत ऊन परत रस, असं पाच-सहा वेळा तरी, तेव्हा कुठे ते काळपट लाल मऊ आमसूल होतं. बिया टाकायच्या नाहीत हां. त्यांचं तेल निघतं, ते थिजलं की मुठीत दाबून गोळे करतात म्हणून त्याला मुठेल म्हणायचं, टाचा फुटल्या की लावायला. मी ते सुईलापण लावते. चार पदरी कापडात सुई अडते तेव्हा मुठेलावरनं एकदा ओढली की सुळकन जाते, हे मला कोणी शिकवलेलं नाही, माझं मी शोधून काढलंय, ते घे व्हिडिओत.

(पडवी. जमिनीवर पसरलेली अर्धी गोधडी, चार कोपऱ्यांवर चार चिऱ्याचे तुकडे.)

गोधडी सगळेच शिवायचे तेव्हा, त्यात काय एवढं. जुनं नऊवारी पातळ धुवून धुवून मऊ झालेलं असतं, ते आत घालायचं, वर तुकडे मांडायचे, आणि कडेपासून धावदोरा घालत घालत चौकोनात आत आत येत राहायचं. ताणून शिवलं तर आक्रसते, सैल सोडलं तर आतलं कापड गोळा होतं. माझ्या सासूबाई टाका बघून सांगायच्या, हा रागात घातलायस. आणि खरंच तो रागातला असायचा!

तुकडे मांडायला मात्र मला दोन-दोन दिवस लागतात. शिवणं काय, हात चालतो. पण हा निळा इथे की तिथे, ह्याच्यापायी मी रात्री उठून बॅटरी लावून पडवीत आलेय. हे हसायचे, म्हणायचे घरात चोर शिरला की काय.

आता ती गोधडी, जिच्यासाठी हा पुण्याहून मुद्दाम आलाय, तिचं सांगते. पण त्याच्या आधी वादळ सांगायला लागेल.

3 जून 2020. निसर्ग. आधीच लॉकडाऊन, मुलगा-सून मुंबईत अडकलेले, घरात मी आणि हे दोघंच. सकाळपासून वारा होताच, पण दुपारी जे काय सुरू झालं ते मी अठ्ठ्याहत्तर वर्षांत दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही, पोफळी अशा वाकायच्या जशा काही कोणाच्या पाया पडतायत आणि मग कडाकड मोडायच्या, कौलं पत्त्यासारखी उडत होती. आम्ही माजघरात भिंतीला टेकून बसलो. हे रामरक्षा म्हणत होते, मी मोजत होते, हा नारळ पडला, हा आंबा पडला, आवाजावरनं कळतं. संध्याकाळी बाहेर आलो तर वाडीतनं समोरच्यांचं घर दिसत होतं. इतक्या वर्षांत ते कधी दिसलं नव्हतं.

पुढे वीज नाही, फोन नाही, कितीतरी दिवस. माळ्यावरची कौलं गेलेली, तिथली ट्रंक भिजून चिंब. सगळं काढून अंगणात दोरीवर वाळत घातलं आणि त्यात तळाशी दोन आलवणं निघाली. आत्याबाईंची.

आलवण आता कोणाला माहीत नसेल. तांबडं जाडंभरडं लुगडं, काठ नाही पदर नाही, विधवेने नेसायचं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या आत्या. मी 1968 साली लग्न होऊन आले तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. अकराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, डोक्यावरचे केस गेले, तेव्हापासून आलवण ते शेवटपर्यंत. माजघराच्या आतल्या दारात बसून वाती वळायच्या. मला कधी टाकून बोलल्या नाहीत. चहा मात्र लपून प्यायच्या, मीच द्यायचे करून.

आणि हे कुठलं गाव? महर्षी कर्व्यांचं! 1893 साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला म्हणून ह्याच गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. नंतर 1896 मध्ये त्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, मग तो हिंगण्याला नेला. गावात आता त्यांचं स्मारक आहे, सहली येतात, मुलं फोटो काढतात. आत्याबाई एकदाच बोलल्या होत्या मला त्यावर, वाती वळता वळता, मान वर न करता. त्यांच्या थोरल्या भावाच्या मनात होतं त्यांना हिंगण्याला शिकायला पाठवायचं. वडील म्हणाले, त्यापेक्षा विहिरीत ढकल. विषय संपला. मला म्हणाल्या, मला अंक येतात हो शंभरापर्यंत, भावाने शिकवले होते, वाती मी मोजूनच करते.

तर ती आलवणं. एक विरलेलं होतं, दुसरं धड होतं. धुतलं तर पाण्याला रंग आला हुबेहूब रातांब्याच्या रसाचा, पाच पाणी घातली तरी येतच होता. टाकवेना. ठेवून तरी काय करणार? दिवसा हे आणि गडी पडलेल्या पोफळी तोडत होते, मी पडवीत उजेड असेपर्यंत शिवत होते. ह्यांच्या धोतराचा पांढरा, नातीचा लहानपणचा फ्रॉक, सासूबाईंचं जांभळं पातळ आणि बरोब्बर मधे आलवण. त्याच्या अंगाला लावून मुद्दाम माझ्या डोहाळजेवणाची हिरवी साडी घातली. हे म्हणाले, बघ हं, आत्याबाईंना चालेल का. मी म्हटलं कापड पुरलं नाही म्हणून लावलं. ते काही बोलले नाहीत. त्यांना कळायचं सगळं.

(वाडी. वादळानंतर लावलेल्या पोफळी.)

ह्या बघा, ह्या तेव्हा लावलेल्या. रोठा सुपारी. पाच-सहा वर्षं लागतात धरायला, आता कुठे ह्या दोघीतिघींना शिपुटं आलीयत. हे बघायला राहिले नाहीत. असो. पाट जरा तिकडे वळव रे, बोलता बोलता पाणी वाया चाललंय.

मधे एकदा आमच्या शेजारच्या होमस्टेत उतरलेल्या एक बाई आल्या होत्या, पडवीत ती गोधडी बघितली आणि म्हणाल्या आजी मी तीन हजार देते. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. मिक्सर बिघडलेला होता. पण मग दुसरीच एक दिली त्यांना, सासूबाईंची. जन्मात खेडच्या पलीकडे न गेलेल्या माझ्या सासूबाई गोधडीत बसून बेंगळुरूला गेल्या! मिक्सर मस्त चाललाय.

आणि ही, आत्याबाईंची, ती गेली नातीबरोबर. ती पुण्याला शिकायला गेली 2023 मध्ये, कर्वेनगरला रूम घेतलीय मैत्रिणींबरोबर. कर्वेनगर म्हणजे तेच, जुनं हिंगणं. ती सामान भरत होती तेव्हा मी गोधडी तिच्या बॅगेत घातली, ती म्हणाली आजी पुण्यात ब्लँकेट मिळतात, मी म्हटलं मिळू देत. एवढंच. बाकी काही तेव्हा सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात तिचा व्हिडिओ कॉल आला, चेहरा एवढासा. आजी तू रागावणार. बाईसाहेबांनी गोधडी मशीनला टाकली, वर गरम पाण्यात! आलवणाचा रंग गेला सगळीकडे. शंभर वर्षांच्या जवळ येईल ते कापड, तरी रंग संपला नव्हता त्याचा. मी म्हटलं दाखव. तिने मोबाईल गोधडीवरनं फिरवला. धोतराचा पांढरा तुकडा गुलाबी झालेला, फ्रॉकसुद्धा गुलाबी, अगदी फिकट, जास्वंदीत एक जात असते बघ तसा. हिरव्याला मात्र काही झालं नव्हतं. आणि आलवण स्वतः उतरून असं काहीतरी झालं होतं की... नाकारता येणार नाही, छान दिसत होतं. हा रंग मला मांडून जमला नसता.

ती म्हणत होती मी ड्राय क्लीनिंगला देते, निघतो का बघते. मी म्हटलं हात लावलास तर बघ.

आता आभाळ आलंय रे. बंद कर ते आणि सुपं आत घे आधी, ती कोपऱ्यातली दोन पहिल्यांदा, त्यांना अजून रस लागायचाय.