बरं वाटत असताना पंप घेऊन दवाखान्यात जा

नमस्कार मंडळी. माझ्या हातातला हा निळा पंप बघा. ज्या घरात दमा आहे, त्या घरात हा उशाखाली सापडतोच.

मागच्या वर्षी सोयाबीनची मळणी चालू होती. आईचं औषध संपलं, म्हणून तिला घेऊन मी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, घरी घेता तसा पंप घेऊन दाखवा बरं."

आई म्हणाली, "अगं, सहा वर्षं झाले घ्यायलेय की!"

तिनं तोंड उघडलं, पंप दाबला आणि मग श्वास ओढला. तोंडातून पांढरा फवारा तसाच बाहेर आला. सहा वर्षं औषध हवेत चाललं होतं, आणि आम्ही म्हणत होतो की हिला पंप लागू पडत नाही.

आता माझ्याकडं बघा. पंप हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे. सावकाश श्वास ओढायला लागायचं आणि तेव्हाच दाबायचं. ओढत राहायचं, मग श्वास रोखून मनात दहापर्यंत मोजायचं. हा मेळ बसत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचा पोकळ नळा, मागा, लेकरांना आणि म्हाताऱ्यांना तर तोच बरा. कॅप्सूल घालायचं यंत्र असेल तर उलटं आहे, तिथं श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो.

दुसरी गोष्ट रोजच्या पंपाची. निळा पंप आवळलेली श्वासनळी तेवढ्यापुरती मोकळी करतो. आतली सूज उतरवतो तो रोजचा, स्टेरॉइडचा पंप. बरं वाटलं की लोक नेमका तोच बंद करतात, "सवय लागंल" म्हणून. सवय लागत नाही हो, सूज परत येते. औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट फुप्फुसात जाते. घेतल्यावर चूळ भरून टाका, म्हणजे तोंड येणार नाही. नुसत्या निळ्या पंपावर मोठ्या माणसांचा दमा सांभाळू नका, असं जीना ही दम्यावरची जागतिक संस्था २०१९ पासून सांगते आहे. निळ्या पंपात साधारण २०० फवारे असतात. वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागत असतील, तर दमा आटोक्यात नाही.

तपासणीला गेल्यावर मागच्या चार आठवड्यांचं विचारतात. दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? निळा पंप तितका लागला का? रात्री जाग आली का? काम अडलं का? हे आठवून सांगणं अवघड जातं. आई आता कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारीच निळ्या पंपाची फुली मारते. मळणीच्या आठवड्यात फुल्यांची रांगच लागली, आणि धूळ किती भोवते ते डॉक्टरांना एका नजरेत कळलं. तुमच्याकडं चुलीचा धूर असेल, कडबा असेल, नाहीतर गाजरगवत.

आणि एक कागद मागून घ्या. रोज काय घ्यायचं, त्रास वाढला तर काय वाढवायचं, दवाखाना कधी गाठायचा, हे तुमच्या नावानं मराठीत लिहून घ्या. आमचा देवघराशेजारी चिकटवलाय. एक वाक्य पुरं बोलवत नसेल, ओठ निळे पडत असतील, निळ्या पंपानं उतार पडत नसेल, तर १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत बसवून ठेवा, निळा पंप देत राहा.

मृगाला हैदराबादला मासा गिळायला जाणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. त्यानं दमा जातो याला पुरावा नाही. तरी जाणार असाल, तर रोजचा पंप मात्र सोडू नका.

बीडच्या, धाराशिवच्या ऊसतोड कुटुंबांना माझी हात जोडून विनंती आहे. टोळी निघायच्या आधी एकदा केंद्रात जा. पाच-सहा महिन्यांत किती पंप लागतील ते डॉक्टरांना विचारा, जमतील तेवढे मागून घ्या. तो कागद भाकरीच्या फडक्यात नाही, आधार कार्डाच्या पिशवीत ठेवा, म्हणजे फडावर रात्री दम लागला तर कुणालाही सापडेल.