चांदवेल : काळ्या मातीतले खोल मूळ

मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि बांधावरचे गवत करपते. अशा उन्हाळ्यात चांदवेल या शेतातल्या तणवेलीचा जमिनीवरचा भाग वाळून गेला, तरी ती मेली असे समजण्याचे कारण नाही. तिचे मूळ अनुकूल जमिनीत ६ मीटरपर्यंत खोल जाऊ शकते. पिकांची मुळे पोहोचत नाहीत तेथील ओल ते शोषते, आणि त्यात साठवलेल्या अन्नावर नवे कोंब फुटतात.

रब्बीच्या हंगामात गव्हाच्या वा हरभऱ्याच्या शेतात ही वेल सहज ओळखता येते. बाणाच्या टोकासारखे पान, बुडाशी दोन्ही बाजूंना निघालेली टोके, आणि नरसाळ्याच्या आकाराचे पांढरे किंवा फिकट गुलाबी फूल, जे जेमतेम एक दिवस टिकते. ती पिकाच्या खोडाला वेढे घालत वर चढते. डवऱ्याने ती वरवर कापली जाते, पण मुळाचा बोटभर तुकडा मातीत राहिला तरी त्याला कोंब येतो. त्यामुळे वखरणीने ती कधीकधी आणखीच पसरते. शेतकऱ्याचा तिच्यावरचा राग समजण्यासारखा आहे. त्यात तिचे बी मातीत कित्येक वर्षे रुजण्याजोगे राहते.

औषधी गुणाचा प्रश्नही या मुळापाशीच येऊन थांबतो. त्यातील राळेसारखे द्रव्य रेचक असून, लोकवैद्यकात मूळ पोट साफ करण्यासाठी वापरले गेले आहे. यात नवल नाही, कारण चरकसंहितेने सुखविरेचक द्रव्यांत श्रेष्ठ मानलेले निशोत्तर आणि रेचक म्हणून परिचित काळादाणा, दोन्ही याच कुळातील आहेत. मात्र चांदवेलीत ट्रोपेन वर्गातील अल्कलॉइडेही (शरीरावर तीव्र परिणाम करणारी वनस्पतिज द्रव्ये) असतात, आणि ही वेल भरपूर खाल्लेल्या घोड्यांना आतड्यांचे विकार झाल्याचे आढळले आहे. प्रयोगशाळेत तिच्या अर्कांवर काम झाले असले, तरी माणसासाठी खात्रीची मात्रा ठरलेली नाही. म्हणून घरी मूळ उगाळून घेण्याचा प्रयोग, प्रस्तुत लेखकाच्या मते, टाळलेलाच बरा.

चांदवेलीची गल्लत शंखपुष्पीशीही होते. बुद्धिवर्धक म्हणून आयुर्वेदात मान्य असलेली शंखपुष्पी चांदवेलीच्याच वंशातील (genus) असली, तरी ती जमिनीवर पसरते, कशालाही वेढे घालत नाही, आणि तिची पाने अरुंद, लांबट व लवदार असतात. हरभऱ्याला विळखा घालणारी, बाणाच्या आकाराच्या पानांची वेल उपटून शंखपुष्पी म्हणून वाळवू नये.