वरचो कालचो, खालचो जुनो

[दृश्य: वाघोटन खाडी, पूर्ण ओहोटी. ड्रोन हळूहळू खाली येतो]

ही आमची वाघोटन खाडी, विजयदुर्गाजवळ समुद्राला मिळते ती. पाणी पार उतरलंय आणि आत्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला गुडघाभर चिखलात उभी आहे. तिच्या हाताकडे बघा. वरचा थर तपकिरी, बोटभर खाली गेलं की काळाकुट्ट, कारण तिथवर हवा पोचतच नाही, आणि तो काळा चिखल उघडा पडला की येणारा वास कॅमेऱ्यात येत नाही, तो तुम्ही समजून घ्या. मी विचारलं हे असं दोन रंगाचं का गं, तर म्हणाली, "वरचो कालचो रे, खालचो जुनो."

बस, एवढंच. समुद्राच्या तळाचा चिखल वाचून जुनं हवामान सांगणारी माणसं पण इथूनच सुरुवात करतात.

[दृश्य: मोबाईलवरचा व्हिडिओ, रात्र, जहाजाचा डेक]

हा तुकडा आमच्या मामेभावाने काढलाय, तो संशोधन जहाजावर अरबी समुद्रात गेला होता, म्हणून हलतोय. वायरला लटकलेली ती लांबलचक लोखंडी नळी दिसते ना, तिच्या डोक्यावर जड वजन असतं आणि आत प्लास्टिकचा पाइप. ती खाली सोडतात, ती आपल्याच वजनाने तळात घुसते आणि वर येताना चिखल थरांसकट, जसाच्या तसा भरून आणते. मग पाइपचे तुकडे करतात, टोपणं लावतात, आणि आता बघा, तो मार्करने बाण काढतोय, वर कुठलं आणि खाली कुठलं. हा बाण चुकला तर सगळी मेहनत पाण्यात. नंतर पाइप उभा चिरतात, अर्धा भाग तसाच जपून ठेवायचा आणि उरलेल्या अर्ध्यातून सेंटीमीटर-सेंटीमीटरच्या चकत्या काढायच्या. खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटीमीटर गाळ बसतो, म्हणजे या एका चकतीत आपल्या कितीतरी पिढ्या आल्या, शिवाजी महाराजांचा काळसुद्धा अगदी वरच्याच एक-दोन चकत्यांत संपतो.

2015 साली जॉइडेस रिझोल्यूशन या ड्रिलिंगच्या जहाजाने अरबी समुद्रातच, लक्ष्मी बेसिन नावाच्या खोलगट भागात, साडेतीन किलोमीटरपेक्षा खोल पाण्यातून तळाच्याही खाली एक किलोमीटरहून जास्त खोल ड्रिलिंग केलं होतं.

[दृश्य: मागीलदार, नळ, चाळणी. जवळून]

हे आमच्याच मागीलदारी शूट केलंय. खाडीतला मूठभर चिखल आणि 63 मायक्रॉनची चाळणी, भोकं केसापेक्षा बारीक. पाणी सोडायचं आणि बोटाने अगदी हलकं फिरवायचं. आधी चहासारखं पाणी जातं, मग दुधासारखं, मग स्वच्छ. घाई करायची नाही, चोळायचं तर अजिबात नाही, नाहीतर आतली कवचं फुटतात. शेवटी चाळणीत उरते ती चिमूटभर वाळू. वाळूच वाटते ना?

[दृश्य: मायक्रोस्कोप]

आता बघा. हे फोरामिनिफेरा, एकाच पेशीचे जीव, आणि ही त्यांची कवचं. हे गोगलगायीसारखं वळलेलं आपल्या खाडीतलं. आणि ही काळी स्लाइड भाऊ कामावरून घेऊन आला, हे खोल समुद्रातले. ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक उचलायचं, तासन् तास, भावाची मान कायमची दुखते.

आता या कवचांवरून जुन्या हिमयुगांचा पत्ता कसा लागतो? तांदूळ पाखडताना फोल उडून जातं आणि जड दाणा सुपात राहतो, बघितलंय ना, तसंच. पाण्यातला ऑक्सिजन हलका पण असतो आणि थोडा जड पण. हलका ज्यात आहे ते पाणी आधी वाफ होऊन उडतं. हिमयुगात ते बर्फ बनून जमिनीवरच अडकलं, परत आलंच नाही, मग समुद्रात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढलं आणि या जिवांनी त्याच पाण्यातून आपली कवचं बांधली. 1955 मध्ये एमिलियानी या शास्त्रज्ञाने अशा कवचांवरून दाखवलं की हिमयुगं तोवर मानत होते तशी चारच नव्हती, बरीच होऊन गेली. 1976 मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या चिखलातून हिमयुगांमागचा पृथ्वीच्या कक्षेचा, कलण्याचा आणि डोलण्याचा ताल मोजून काढला, साधारण 1 लाख, 41 हजार आणि 23 हजार वर्षं.

तळाशी राहणाऱ्या कवचांमधला कार्बन आणखी एक गोष्ट सांगतो, की ते पाणी पृष्ठभागावरून बुडून किती काळ झाला आणि ते कुठल्या बाजूने आलं. हिमयुगात अटलांटिकमध्ये उत्तरेचं पाणी आत्तासारखं खोल उतरत नव्हतं, तळाशी दक्षिणेचं पाणी पसरलं होतं. आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे कराचीसमोरच्या चिखलात गडद आणि फिकट पट्टे आहेत, उत्तर अटलांटिक गारठला की इथे फिकट पट्टा, म्हणजे मान्सून कमजोर. तिकडे थंडी आणि इकडे पाऊस कमी.

[दृश्य: विजयदुर्गाच्या तटावरून पश्चिमेकडे]

इथून सरळ पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, समुद्रात बुडालेला उंचवटा, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा, आज त्याचा माथा वीसेक मीटर पाण्याखाली. 21 हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र सुमारे 120 मीटर खाली होता. हा माथा तेव्हा उन्हात होता.

[दृश्य: ट्रॉलर, जाळं वर येताना]

आणि हे आजचं. या जाळ्याला लागलेला चिखल बघा. खोल समुद्रापर्यंत हे ट्रॉलर पोचत नाहीत, पण जवळच्या उथळ तळावर हे जाळं नांगरासारखं फिरतं आणि वरचे थर एकमेकांत मिसळून जातात, मग कालचं कुठलं आणि जुनं कुठलं हे कोणालाच सांगता येणार नाही, त्यावर कुठलंच मशीन नाही. लहान होडीवाल्यांची तक्रार मासळीची आहे आणि ती खरीच आहे, पण त्या जाळ्यात हे थर पण जातायत.

पुढे मान्सूनचं आणि या किनाऱ्याचं काय होणार ते सांगणारी कॉम्प्युटर मॉडेलं अशाच चिखलावर तपासून बघतात.

[दृश्य: खाडी, भरती सुरू. आत्या टोपली डोक्यावर घेऊन निघते. तिच्या पावलांच्या खड्ड्यांत पाणी शिरतंय. निवेदन नाही, फक्त पाण्याचा आवाज]