लग्न रद्द करायचं की घटस्फोट घ्यायचा?

आज फक्त हिंदू विवाह कायदा, १९५५ बद्दल बोलू. विशेष विवाह कायद्याखाली किंवा गोव्यात झालेल्या लग्नांचे नियम वेगळे आहेत.

घटस्फोट मागणारा माणूस लग्न झालं होतं हे मान्य करतो. लग्न रद्द करून मागणाऱ्याची हरकत मुळालाच असते. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न कलम ११ प्रमाणे मुळातच शून्य असतं. कलम १२ ची लग्नं मात्र कोर्ट रद्द करेपर्यंत वैधच राहतात. नपुंसकतेमुळे संबंधच न येणं, संमती देता येणार नाही असा मानसिक आजार, जबरदस्ती किंवा फसवणूक, आणि लग्नाच्या वेळी वधू दुसऱ्यापासून गरोदर असणं, ही त्याची कारणं.

बरीच प्रकरणं फसवणुकीच्या मुद्द्यावर बिघडतात, आणि तीही मुदतीपायी. फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. शिवाय कळल्यानंतर राजीखुशीने एकत्र नांदलेलं चालत नाही. आपल्याकडे काय होतं? मामा-काका बैठक बसवतात, "सहा महिने नांदून बघ" म्हणतात, मुलगी परत जाते आणि तिचा हक्क तिथेच संपतो. म्हणून आजाराची फाइल, जुने मेसेज, जे हाती लागेल ते कधी लागलं याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा. उलट, कलम १४ मुळे लग्नानंतर वर्षभर घटस्फोटाचा अर्ज सहसा घेतच नाहीत. असामान्य त्रास किंवा जोडीदाराचा असामान्य दुराचार दाखवला तरच कोर्ट परवानगी देतं. म्हणजे "आधी वर्ष भरू दे, मग बघू" हा सल्ला घटस्फोटाला लागू पडतो. रद्द करण्याच्या अर्जाला तो मारक आहे.

परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी, म्हणजे कलम १३-ब साठी, किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. एकाच घरात राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसाल, तर ते वेगळं राहणंच. अर्जानंतरची सहा महिन्यांची वाट २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे माफ होऊ शकते. पण पोटगी आणि मुलांचा ताबा आधी मिटलेला हवा. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, तेव्हा ठरलेली सगळी रक्कम पहिल्याच तारखेला देऊन मोकळे होऊ नका. हप्ते पाडा, शेवटचा हप्ता अंतिम तारखेला.

स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेली सोडचिठ्ठी हा घटस्फोट नव्हे. समाजात काडीमोडाची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. नुसतं "आमच्यात चालतं" म्हणून भागत नाही. अशा कागदाच्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न शून्य ठरतं. त्यातली मुलं मात्र कलम १६ प्रमाणे औरसच.

आणि भांडून मिळवलेला घटस्फोट असेल, तर अपिलाची मुदत संपल्याशिवाय, आणि अपील झालंच तर ते फेटाळलं गेल्याशिवाय, दुसऱ्या लग्नाची तारीख धरू नका. ही मुदत ९० दिवसांची आहे.