सहीविना पोचपावती

नमस्कार, श्रोतेहो.

रजिस्टर एडी आठवतंय? पोस्टमन दारात उभा राहायचा, पाकिटाला लावलेलं कार्ड पुढे करायचा, आपण सही करायचो. ते कार्ड पाठवणाऱ्याकडे परत जायचं. पत्र पोचल्याचं त्याला कळायचं, आणि त्याला कळणार हे आपल्यालाही ठाऊक असायचं. नको असेल तर ‘घेत नाही’ म्हणून परत पाठवता यायचं.

आता पोचपावती जाते, पण सही कुणी मागत नाही.

तुम्हाला सेलची जाहिरात येते, एखाद्या संस्थेचं देणगीचं आवाहन येतं. त्या ईमेलमध्ये बरेचदा एक चित्र असतं, जे तुम्हाला कधीच दिसत नाही. एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच, म्हणजे पडद्यावरचा एक बारीकसा ठिपका, तोही पारदर्शक. ते असतं पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर, म्हणजे तिकडच्या संगणकावर, आणि प्रत्येक माणसासाठी त्याचा पत्ता वेगळा. मेल उघडलात की तुमचा फोन ते चित्र आणायला जातो, आणि तिकडे नोंद होते: अमक्याने, इतक्या वाजता. तीनदा उघडलात, तीन नोंदी.

मी त्या बाजूला बसलेलो आहे. एका छोट्या संस्थेचं वार्तापत्र मी दीड-दोन हजार लोकांना पाठवायचो. रिपोर्टमध्ये एका आजोबांच्या नावापुढे पहाटेचे 3.10, मग 3.25, मग 4. आमच्या वार्तापत्रात रात्री तीनदा वाचावं असं काही नसायचं. ते मीच लिहायचो. म्हणजे यांना झोप लागत नाही. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. पुढे एका कार्यक्रमात भेटले, म्हणाले, “तुमचं पत्रक वाचतो हं!” ‘हो, माहितीये’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

घाऊक ईमेलचा त्रास जुनाच. 3 मे 1978 ला अमेरिकेत गॅरी थर्क नावाच्या विक्री-अधिकाऱ्याने अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे 400 जणांना संगणकाची जाहिरात पाठवली. लोक भडकले. पण तो आगंतुक निदान पुढच्या दाराने आला होता. 2024 पासून जीमेल आणि याहू मोठ्या प्रमाणावर जाहिराती पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर यादीतून नाव काढायची सोय द्यायला लावतात. पिक्सेलला मात्र असं बटण नाही. जीमेल 2013 पासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत दाखवतं. त्याने तुमचा ठावठिकाणा झाकला जातो, उघडल्याची वेळ नाही. अ‍ॅपलने 2021 मध्ये चित्रं आधीच उतरवून ठेवायची सोय दिली, त्यामुळे न वाचलेला मेलही पाठवणाऱ्याला वाचल्यासारखा दिसतो. जीमेलच्या सेटिंगमध्ये, बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारावं, असा पर्याय आहे. तो जरूर निवडा.

संस्थेतले सहकारी म्हणायचे, “कुणी वाचतंय की नाही, हे कळायला नको?” प्रश्न रास्त होता. पण त्यासाठी आकडा पुरतो, नावं कशाला? आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती जाणूनबुजून दिलेली हवी, असं म्हटलंय. आमच्या यादीतल्या एकालाही आम्ही विचारलं नव्हतं.

शेवटी मी नोंद बंद केली आणि खाली एक ओळ घातली: वाचलंत तर दोन शब्द कळवा. सात उत्तरं आली. एक त्या आजोबांचं. लिहिलं होतं, “झोप येत नाही, म्हणून आत्ताच लिहून टाकतो.”